बिनहाराचे फोटो

१

सकाळी आठ पस्तीसला आम्ही घर सोडायचो. मी आणि नात. तिचं नाव गुंजन, वय आठ. आयर्लंडमध्ये, लिक्सलिपला माझ्या मुलाचं घर आहे, तिथून शाळा चालत बारा मिनिटांवर. मुलगा शैलेंद्र चिपच्या कारखान्यात बारा-बारा तासांच्या पाळ्या करतो. सून नंदिनी चेरीवूडला ऑफिसात जाते, ती सातलाच गाडी काढते. मी तीन महिन्यांच्या व्हिसावर आलो होतो. आयतं बसून खाणं मला जमत नाही. नातीला शाळेत सोडायचं-आणायचं काम मी मागून घेतलं.

मी मिरजेचा. चौथी शिकलो. फोटो फ्रेम करायचं दुकान चाळीस वर्षं चालवलं. काच कापताना हात कधी हलला नाही. हे एवढ्यासाठी सांगतो की मी भित्रा माणूस नाही. नसलेलं दिसणाऱ्यांतलाही नाही.

सप्टेंबर संपत आला होता. त्या मंगळवारी मी तिला फाटकाशी सोडलं. मरून स्वेटर, पाठीवर दप्तर. वर्गाच्या दारात बाई उभ्या होत्या, त्यांच्या शेजारून ती आत गेली. मी घरी आलो, चहा टाकला, तेवढ्यात नंदिनीचा फोन.

"बाबा, गुंजनला बरं नाहीये का?"

"ठणठणीत आहे. शाळेत आहे."

"शाळेचा मेसेज आलाय. आज गैरहजर म्हणून."

"मी स्वतः सोडून आलो."

"आत जाताना बघितलंत ना?"

मला राग आला. "नंदिनी, मी पोर सोडतो म्हणजे सोडतो."

तिने शाळेत फोन केला. ऑफिसातल्या बाईने वर्गात जाऊन पाहिलं. गुंजन तिच्या जागेवर बसून चित्र रंगवत होती. नंदिनीने पुन्हा मला फोन केला.

"सॉरी हं बाबा. त्यांचीच चूक झाली."

"मला माहीत होतं," मी म्हणालो आणि फोन ठेवला.

२

गुरुवारी पुन्हा मेसेज आला. पुढच्या सोमवारी पुन्हा. नंदिनी वर्गबाईंना भेटून आली आणि रात्रीचा स्वयंपाक करताना मला सांगू लागली.

"त्या बिचाऱ्या रडवेल्या झाल्या होत्या. म्हणाल्या, मला ती समोर दिसते. मग यादी हातात घेतली की वाटतं, आज ती आलेलीच नाही."

"चष्मा बदलायला सांग."

नंदिनी हसली. मीही विषय सोडला. पण डब्याचं काय ते मला कळत नव्हतं. पोळीची गुंडाळी जशी दिली तशी परत यायची, कागदाची घडीसुद्धा मोडलेली नसायची.

"गुंजे, डबा का खाल्ला नाहीस?"

तिला मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र इथल्या इंग्रजीत येतं, 'ठीक'ला 'ग्रँड' म्हणणाऱ्या. "आय'म ग्रँड, आजोबा. आय एट."

"काय खाल्लंस?"

"राइस."

"कोणी दिला?"

तिने खांदे उडवले. "दे गिव्ह इट टू अस."

माझं इंग्रजी कामापुरतं आहे. पण 'आम्हाला देतात' एवढं कळलं. शाळेत गरम जेवण मिळतं, पण आम्ही ते लावलेलं नव्हतं. मी तिचं दप्तर काढायला वाकलो तर तिच्या केसांना उदबत्तीचा वास आला. आमच्या घरात उदबत्ती लावत नाहीत. धूर झाला की छतावरचा भोंगा ओरडतो.

दुसऱ्या दिवशी सकाळची गोष्ट. शाळेआधी मोठा रस्ता लागतो. तिथे पिवळा कोट घातलेली मॉरीन नावाची बाई हातात गोल पाटी घेऊन गाड्या थांबवते. रोज आम्हा दोघांना गुड मॉर्निंग म्हणते. त्या दिवशी ती रस्त्यात उभी राहिली, मी पुढे निघालो, गुंजन तीन पावलं मागे होती. मी पलीकडे पोचलो आणि मॉरीनने पाटी खाली घेतली. गाडी सुटली. मी वळून धावलो, पोरीचा हात धरून ओढला. गाडी तिच्या दप्तराला घासून गेली. गाडीवाल्याने ब्रेकवर पायसुद्धा ठेवला नाही. मी रस्त्यात का धावलो, म्हणून माझ्याकडे बघत गेला.

मॉरीनचा चेहरा पांढराफटक पडला. ती गुंजनला पोटाशी धरून रडायला लागली. मला पुन्हा पुन्हा सांगत होती की तिला वाटलं, मी आज एकटाच आहे.

मी कोणाला काही बोललो नाही. घरी जाऊन पाण्याचे दोन पेले प्यायलो.

३

अकरा वाजता घर रिकामं असतं. फ्रिजचा आवाज, पलीकडच्या घरातलं कुत्रं, बाकी काही नाही. मी खुर्चीत बसून मिरजेच्या बातम्या बघत होतो. वरच्या मजल्यावर टक असा आवाज आला. जरा थांबून पुन्हा टक.

मी मोबाईलचा आवाज बंद केला. टक. टक. टक. पोकळ लाकडावर लाकूड मारल्यासारखा. एका लयीत. घाई नाही, दम नाही.

गरम पाण्याची टाकी वर एका कपाटात आहे, त्याला इथे हॉट प्रेस म्हणतात. त्यात टॉवेल सुकवतात. पाइप तापले की वाजतात, हे शैलेंद्रने मला आल्या दिवशीच सांगितलं होतं. मी जिना चढलो. दार उघडलं. टाकी गार होती. टॉवेलांच्या घड्या होत्या. पाइपवर हात ठेवला, तोही गार. आवाज चालूच होता, आणि तो कपाटातून येत नव्हता. गुंजनच्या खोलीतून येत होता.

लाकूड मला कळतं. हे फणसाचं लाकूड होतं. आतून कोरलेलं. असा आवाज मी आधी ऐकला होता, ऑगस्टमध्ये, व्हिएतनामला.

शैलेंद्रने तो प्रवास ठरवला होता. ते तिघे इथून, मी मुंबईहून, हनोईला भेटायचं, दहा दिवस फिरायचं आणि मग सगळ्यांनी मिळून आयर्लंडला यायचं. तिथले जुने पॅगोडे आणि देवळं बघायची नंदिनीला हौस. तळ्याकाठचा उंच मनोरा पाहिला, एकाच खांबावर उभं केलेलं देऊळ पाहिलं, मग गाडी करून लांबच्या गावांतली देवळं. मला देव कमी आणि सुतारकाम जास्त दिसत होतं. खिळा न मारता बसवलेले सांधे, लाखेचा तांबडा रंग, पाऊल न ठेवता ओलांडायचे उंच उंबरे. प्रत्येक ठिकाणी एखादा भिक्षू मांडी घालून बसलेला, समोर माशाच्या आकाराचा लाकडी पोकळ ठोकळा, आणि मंत्र म्हणताना त्यावर टक, टक, टक.

मी गुंजनच्या खोलीचं दार ढकललं. आवाज थांबला. पलंग, पुस्तकं, भिंतीवर चिकटवलेली चित्रं. पलंगाच्या कडेला चादर दबलेली होती, नुकतंच कोणी उठून गेल्यासारखी.

मी चादर सारखी केली आणि खाली आलो. त्यानंतर ते आवाज आले की मी फाटकाबाहेर जाऊन उभा राहायचो. पाऊस असला तरी.

४

रविवारी संध्याकाळी शैलेंद्रने प्रवासाचे फोटो लॅपटॉपवर लावले.

"बाबा, यातला एक मोठा करून घेऊ. फ्रेम तुम्ही करायची. इथल्या फ्रेमा म्हणजे नुसता भुसा दाबलेला."

"लाकूड आण, करतो."

फोटो पुढे सरकत होते. एक फोटो आला आणि नंदिनी म्हणाली, "हा नको रे. हा डिलीट कर. लान किती चिडली होती." लान म्हणजे आमची तिथली गाईड, चाळिशीची बाई.

हनोईपासून दोन तासांवरच्या एका जुन्या देवळाचा मागचा हॉल होता तो. भिंतीला लागून पायऱ्या, पायऱ्यांवर तळहाताएवढे फोटो, शे-दोनशे असतील. पुढे दिवे, फळं, वाट्या.

"चिडायला काय झालं?" मी विचारलं.

"मेलेल्या माणसांचे फोटो आहेत ना ते. काढू नका म्हणाली."

"कोण मेलेलं?"

"सगळेच. घरचे लोक फोटो देवळात आणून ठेवतात. मग त्यांचं सगळं देवळाकडे. रोज भाताची वाटी, मंत्र. लानने सांगितलं की बाबा. तुम्ही होतात तिथेच."

होतो. दहा पावलं पुढे. लान इंग्रजीत बोलत होती. मला कळलं नाही की मी विचारत नाही. माझी ती सवयच नाही.

आता माझी चूक सांगतो. आमच्या धंद्यात मेलेल्या माणसाची फ्रेम वेगळी असते. वर दोन्ही कोपऱ्यांना हारासाठी आकडे लावतात. माथा जरा पुढे झुकवून टांगतात, म्हणजे हार काचेला घासत नाही. गिऱ्हाईक फोटो घेऊन आलं की मी आधी विचारायचो, हार घालायचा आहे का? तेवढ्यावरून सगळं कळायचं. त्या हॉलमध्ये मी प्रत्येक फ्रेम बघितली होती, धंद्याच्या नजरेने. एकालाही हार नाही. आकडा नाही. कपाळाला कुंकू नाही. हसरी माणसं होती, दोन-चार मुलंही होती. मी ठरवलं, हे जिवंतांचे फोटो. लोक आपापल्या माणसांना देवाच्या नजरेखाली ठेवून जातात.

तिसऱ्या पायरीवर डाव्या अंगाला एक फ्रेम रिकामी होती. रिकामी फ्रेम मला बघवत नाही. दुकानातही मी ती पालथी ठेवायचो. माझ्या पाकिटात गुंजनचा फोटो होता. आदल्या हिवाळ्यात ती न्यूमोनियाने दहा दिवस इस्पितळात होती, तेव्हापासून बाळगत होतो. मी फ्रेम उचलली, मागचा पुठ्ठा काढला, फोटो आत सरकवला. कापावा लागला नाही, इतका नेमका बसला. टाचण्या दाबल्या आणि फ्रेम जागेवर ठेवली. देवा, हिला सांभाळ, असं म्हणालो. मी सहसा मागत नाही.

लॅपटॉपवर मी ती जागा शोधली. तिसरी पायरी, डावं अंग. शैलेंद्रने फोटो काढला होता तो मी आत जाण्याआधी. रिकामी फ्रेम कुठे नव्हती. फोटो खांद्याला खांदा लावून उभे होते, मध्ये बोट घालायला जागा नव्हती.

"बाबा, कुठला आवडला?" शैलेंद्र म्हणाला.

"बघू," मी म्हणालो.

५

मी पाच दिवस गप्प बसलो. कागद तो कागद, त्याने काय होतंय, असं स्वतःला समजावत होतो. खरं कारण ते नव्हतं. माझ्याकडून फ्रेमच्या कामात चूक झाली हे सुनेपुढे कबूल करायचं होतं, आणि माझ्याने ते होत नव्हतं.

त्या पाच दिवसांत दुकानाचं आपोआप उघडणारं दार तिच्यासाठी उघडलं नाही. ती काचेपुढे शांत उभी राहिली. मी पाऊल टाकलं तेव्हा उघडलं. तिला त्याचं काही वाटलेलं दिसलं नाही. हातही गार लागायचा, पण इथे सगळ्यांचेच हात गार असतात, असं मी म्हणायचो.

शुक्रवारी संध्याकाळी नंदिनीने ताटं मांडली. तीन. वरण, भात, फ्लॉवरची भाजी. शैलेंद्र बसला, मी बसलो, नंदिनी बसली. गुंजन तिच्या खुर्चीमागे पाठीवर हात ठेवून उभी होती.

"घ्या ना बाबा, गार होतंय."

"नंदिनी, चौथं ताट."

ती माझ्याकडे बघत राहिली. "का? कोणी येणार आहे का?"

शैलेंद्रने मान वर केली नाही. तो वरणात लिंबू पिळत होता.

मी फक्त बोट दाखवलं. नंदिनीने तिकडे बघितलं. अंधारातून उजेडात आल्यावर डोळे बसायला वेळ लागतो, तेवढा वेळ लागला. मग तिच्या हातातला डाव खाली पडला.

"अगं बाई! गुंजू! काय झालंय मला... ये, बस, बस इथे."

"इट्स ओके, मम्मा. आय एट."

गुंजन वर झोपायला गेल्यावर मी दोघांना सगळं सांगितलं. उभं राहून सांगितलं.

शैलेंद्र म्हणाला, "बाबा, कागदाचा तुकडा आहे तो. तुम्ही उगाच घाबरवताय हिला."

"आत्ता जेवताना तुझी मुलगी कुठे होती?" मी विचारलं. "सांग. कुठे होती?"

त्याने गुंजनच्या खुर्चीकडे बघितलं.

नंदिनी हळू आवाजात म्हणाली, "मेलेल्यांत ठेवलात तिला. आणि रविवारपासून माहीत होतं. तरी शाळेत नेत राहिलात, आणत राहिलात, आणि एक शब्द बोलला नाहीत."

"चुकलं माझं," मी म्हणालो. आयुष्यात पहिल्यांदा म्हणालो.

तिने लगेच फोन उचलून लानला निरोप लिहायला घेतला.

६

शनिवारी सकाळी नऊला लानचा व्हिडिओ कॉल आला. तिथे दुपारचे तीन वाजले होते. शैलेंद्रची पाळी होती, तो जायला तयार नव्हता, नंदिनीने त्याला पाठवलं. तिला घरात कोणी उलट बोलणारं नको होतं.

स्वयंपाकघरातल्या टेबलाशी आम्ही दोघं. लान देवळात पोचली होती. फोनमध्ये तोच हॉल दिसला, पायऱ्या, दिवे, वाट्या. बाजूला तपकिरी कपड्यातली, डोकं भादरलेली एक म्हातारी भिक्षुणी उभी होती. लान तिच्याशी त्यांच्या भाषेत बोलायची, मग नंदिनीशी इंग्रजीत, आणि नंदिनी मला मराठीत सांगायची.

फोटो सापडला. तिसरी पायरी, डावं अंग. माझी नात, निळ्या पडद्यापुढे सरळ बसलेली. पुढे वाटी होती. बाकी सगळ्या वाट्या भरलेल्या होत्या. हिच्या वाटीत तळाला चार शितं उरली होती.

नंदिनीने तोंडावर हात दाबला. मग ती म्हणाली, "लान, प्लीज. टेक इट आउट."

भिक्षुणीने फ्रेम हातात घेतली नाही. ती काहीतरी म्हणाली. लानने सांगितलं, नंदिनीने ऐकलं.

"बाबा, त्या म्हणतायत, इथला फोटो घरच्यांच्या शब्दाशिवाय काढत नाहीत. मुलगी जिवंत आहे म्हणता, तर दाखवा."

"बोलाव तिला."

नंदिनीने हाक मारली. जिन्यावर पावलं वाजली नाहीत, पण गुंजन आली. शनिवार असूनही तिने शाळेचा मरून स्वेटर घातला होता. मी तिला माझ्यापुढे उभी केली आणि तिच्या उजव्या खांद्यावर हात ठेवला. नंदिनीने फोन उलटा फिरवून आमच्याकडे धरला. आता स्क्रीन मला दिसत होती, नंदिनीला दिसत नव्हती.

"बघा," नंदिनी म्हणाली. "हिअर शी इज. सी?"

भिक्षुणी जवळ आली आणि डोळे बारीक करून बघू लागली. मग लान अडखळत बोलली, आणि ते इंग्रजी मलाही कळलं. ती विचारत होती, मुलगी कुठे आहे?

"कुठे म्हणजे? समोर उभी आहे! नेटवर्क नाहीये का तुम्हाला?" नंदिनी मराठीतच ओरडली.

व्हिडिओ कॉलमध्ये कोपऱ्यात आपलंही छोटं चित्र दिसतं. मी ते बघितलं. मी होतो. मागे फ्रिज होता, खिडकी होती. माझा उजवा हात पुढे, कमरेच्या जरा वर, बोटं वाकवलेली. हवेत. हाताखाली टेबलाची कड दिसत होती.

मी खाली बघितलं. तिचं डोकं होतं, मधला भांग होता. वर बघितलं, स्क्रीनमध्ये हवा.

"बाबा, काय झालं? बाबा!" नंदिनीला माझा चेहरा दिसत होता.

"फोन हलवू नकोस," मी म्हणालो. "लानला सांग, त्यांना माझा शब्द हवाय ना, मी देतो. मुलगी इथे आहे. माझ्या हाताखाली आहे. चूक माझी आहे, तिची नाही."

नंदिनीने सांगितलं. लानने सांगितलं. म्हातारी माझ्याकडे बघत राहिली. मीही डोळे हलवले नाहीत. पलीकडे कोणीतरी लाकडावर टोले मारत होतं. मला आधी वाटलं ते फोनमधून येतंय, मग लक्षात आलं की ते आमच्या जिन्यावरूनही येतंय.

हाताखालचा खांदा हलका होऊ लागला. कापूस धरावा तसा. मी बोटं मिटत होतो आणि बोटांना काही लागत नव्हतं.

भिक्षुणी वळली. तिने फ्रेम उचलली, पालथी केली. मी दाबलेल्या टाचण्या ती एकेक करून नखाने उचकटू लागली. तिचं नख म्हातारं होतं. चार टाचण्या होत्या. मी पक्क्या दाबल्या होत्या, काम म्हटलं की मी पक्कंच करतो.

एक निघाली. दोन. मी दुसरा हातही गुंजनच्या डाव्या खांद्यावर ठेवला, म्हणजे खांदा असायला हवा तिथे, आणि दोन्ही हातांनी आवळलं. तीन.

चौथी टाचणी निघताना स्क्रीन थिजली. भिक्षुणीचं नख कागदाच्या कडेखाली, आणि कोपऱ्यात मी, दोन्ही हात हवेत.

"लान? लान!" नंदिनी फोन हलवत होती. "हॅलो?"

मी तिकडे बघितलंच नाही. मी डोळे मिटले आणि जेवढा जोर या वयात आहे तेवढा सगळा दोन्ही हातांत आणला. किती वेळ गेला सांगता येत नाही. मग अंगठ्यांखाली काहीतरी टणक लागलं. हाड लागलं.

"आजोबा," खालून आवाज आला, रडवेला. "यू'र हर्टिंग मी."

मी सोडलं नाही.